घरी अजून बोललो नाही

या महिन्यात चर्चच्या नोकरीबद्दलची दोन पत्रं आली, म्हणून दोन्ही एकत्र घेतेय. पहिलं बरंच मोठं होतं, थोडं कमी केलंय आणि नाव-गाव काढलंय.

प्रश्न : ताई, सलाम. मी नगर जिल्ह्यातल्या एका चर्चमध्ये ११ वर्षं परिश वर्कर आहे. वय ३७. बायको प्रायव्हेट हॉस्पिटलला स्टाफ नर्स आहे, मुलगा सातवीत, मुलगी तिसरीत, आम्ही कंपाउंडातल्या क्वार्टरमध्ये राहतो. संडे स्कूल, तरुण संघ, मे महिन्यातलं व्हीबीएस म्हणजे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा, आजाऱ्यांच्या भेटी, ऑफिसचं टायपिंग, अर्पण मोजणं, कॅरलची गाडी ठरवणं, सगळं माझ्याकडेच असतं. पगार २२,०००, क्वार्टर फुकट, लाईटबिल चर्च भरतं, मुलांना शाळेत फी माफी आहे. पीएफ ९ वर्षं ४ महिने कापला गेलाय.

गेल्या नाताळात आम्ही कारखान्याजवळ ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर, ब्लँकेटं आणि केक वाटायला गेलो होतो. तिथे नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती, कडेवर भाऊ, आणि पत्र्याच्या डब्यावर कोळशाने क ख ग घ काढत होती, घ उलटा काढलेला. मी खाली बसून तिला तो सरळ काढून दाखवला. निघताना ती म्हणाली, सर, उद्याच्याला येता का? मी म्हणालो येतो. दुसऱ्या दिवशी फायनान्सची मीटिंग लागली, मग ३१ची वॉचनाइट म्हणजे रात्रीची उपासना, मग नवीन वर्षाची उपासना, मग वार्षिक सभेचा हिशोब. जानेवारीच्या शेवटी गेलो तर टोळी दुसरीकडे गेलेली. नुसती कुडाची चौकट उभी होती आणि तो डबा पडलेला होता.

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. वाटलं थकवा असेल, म्हणून मे महिन्यात दहा दिवस सासरवाडीला गेलो, नुसता झोपलो, पण तिथल्या बाजारातून गुंडाळायचा फळा विकत घेऊन आलो. अशा मुलांसाठी काम करणारी एक संस्था मला १५ ऑक्टोबरपासून या म्हणतेय, पगार १८,०००, घर नाही. एका वडिलांना, म्हणजे मंडळीच्या एल्डरना, सहज बोललो तर ते म्हणाले, नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याच्या उपयोगाचा नाही, वाचलंयस ना. ते वाक्य फार लागलं. पाळकसाहेबांनी मला ही नोकरी दिली, आमचं लग्न त्यांनीच लावलं, त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? बायकोला अजून काही बोललो नाही. ताई, हे खरंच पाचारण, म्हणजे देवाची हाक, आहे का मी कंटाळलोय? सोडताना काय काय बघायचं? आणि लोक म्हणतील सेवा सोडली, त्याचं काय करू?

उत्तर : भाऊ, सलाम. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्याच एका वाक्यावर अडकले जे तुम्ही मध्येच टाकून पुढे गेलात, की बायकोला अजून काही बोललो नाही. एल्डरना बोलून झालंय, संस्थेशी पगाराचं बोलून झालंय, मला लिहून झालंय, आणि जी बाई रात्रपाळी करून सकाळी मुलांचे डबे भरते तिला अजून पत्ता नाही. बाकी सगळ्याचं उत्तर देते पण आधी हे.

मी हे रागाने बोलत नाहीये, मी हीच चूक केलेली आहे. मी १४ वर्षं एका चर्चच्या ऑफिसात होते, बाप्तिस्म्याचं, लग्नाचं, दफनाचं अशी तिन्ही रजिस्टरं माझ्या हाताखाली. मला मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत जायचं होतं, मनाने ठरलं होतं, आणि मला वाटायचं की हे देवाचं आणि माझं आहे, वेळ आली की घरी सांगूच. मी राजीनामा सेक्रेटरींकडे दिला बुधवारी, आणि रविवारी जाहिरातींच्या, म्हणजे उपासनेतल्या सूचनांच्या, वेळी तो वाचून दाखवला. माझे मिस्टर तिसऱ्या बाकावर बसले होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, ती नजर मला आजही जशीच्या तशी आठवते. भांडले नाहीत. पण पुढे कितीतरी दिवस घरात कुणी काही विचारलं की म्हणायचे, मला काय माहीत, चर्चमध्ये जाहीर होईल तेव्हा कळेल. क्वार्टर एका महिन्यात सोडायला सांगितलं, तेव्हा मोठ्याची दहावीची परीक्षा चालू होती, त्या पोराने खोक्यांवर वही ठेवून अभ्यास केला. चर्चने मुदत वाढवून द्यायला हवी होती असं मला अजून वाटतं, पण मी घरी आधी बोलले असते तर आम्ही दोघं मिळून ती मागायला गेलो असतो, मी एकटी गेले आणि एकटीचं कुणी ऐकलं नाही.

आपल्या मराठी मंडळीत याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुम्हाला माहीत असेलच, पण या नजरेने कदाचित पाहिलं नसेल. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो पत्नी लक्ष्मीबाईंना न सांगता. त्यानंतर लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या, किती हाल, किती अपमान, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला १९००मध्ये, पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाने. आणि मग १९१७मध्ये याच टिळकांनी, नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीसेक वर्षं काढल्यावर, मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला. म्हणजे चर्चची बांधलेली नोकरी सोडून नव्या हाकेमागे जाणं हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेलंय, आणि तेही नगरहूनच. मला टिळकांबद्दल फार आदर आहे, लहानपणापासून त्यांची गीतं म्हणत वाढलेय, पण बाई म्हणून वाचताना माझं लक्ष दर वेळी लक्ष्मीबाईंकडे जातं, कारण ज्या महिन्यात पगार बंद होतो त्या महिन्यातही चूल पेटवायचीच असते आणि ती कुणी पेटवली ते सगळ्यांना माहितीये. १९१९च्या मे महिन्यात टिळक गेले. दरबाराला जेमतेम दोन वर्षं झाली होती. पुढचं सगळं त्या माऊलीवर आलं.

म्हणून भाऊ, हाक तुम्हाला आली हे मी मान्य करते, पण भाडं सगळ्या घराला भरावं लागणारे. आजच्या आज सांगा. आणि सांगताना ‘मी ठरवलंय’ असं नका सांगू, त्या मुलीची गोष्ट सांगा, जशी मला लिहिली तशी, डब्यासकट, आणि मी येतो म्हणालो आणि गेलो नाही हेही सांगा. मग गप्प बसा. तिला विचार करायला चार दिवस लागतील, कदाचित महिना लागेल. ती नर्स आहे, तिला घाई कसली ते कळतं आणि कुठे थांबायचं तेही कळतं. ती नाही म्हणाली तर का नाही ते वहीत लिहून घ्या, बहुतेक वेळा ते ‘नाही’ भाड्याचं, मुलांच्या शाळेचं, आईच्या औषधांचं असतं आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी सुटण्यासारख्या असतात.

आता कंटाळा का पाचारण. याचं उत्तर तुम्हीच पत्रात लिहून पाठवलंय. थकलेला माणूस दहा दिवस झोपला की त्याला बरं वाटतं आणि तो परत कामाला लागतो, किंवा त्याला अजून दहा दिवस झोपावंसं वाटतं. तुम्ही झोपून उठलात आणि बाजारात जाऊन फळा घेतलात. मला यापुढे काही विचारायचं नाहीये. फक्त एक बघा, चर्चमधल्या कुणावर राग आहे म्हणून तर हे पाऊल उचलत नाही ना, कारण तो राग नव्या ठिकाणी बरोबर येतो, तिथेही एक कमिटी असते, तिथेही मीटिंग लागते. तुमच्या पत्रात मला राग दिसला नाही, एल्डरांच्या वाक्याचं दुःख दिसलं.

त्या वाक्याबद्दल बोलते, कारण ते वचन आपल्याकडे फार सहज कुणाच्याही अंगावर टाकतात. मी पाथर्डीकडची शेतकऱ्याची मुलगी. माझे वडील नांगर धरायचे तेव्हा समोर बांधावरचं एक झाड धरायचे आणि त्यावरची नजर ढळू द्यायचे नाहीत, म्हणजे तास सरळ पडतो. मागे पाहिलं की तास वाकडा जातो, प्रभूने तेच सांगितलंय. पण एका वावरातली नांगरट झाली की वडील बैल सोडून दुसऱ्या वावरात न्यायचे, याला कुणी मागे पाहणं म्हणत नव्हतं. तुम्ही ११ वर्षं एक वावर नांगरलंय. आणि तुमची नजर सरळ समोर आहे, त्या कोप्यांवर.

एल्डरांनी परत म्हटलं तर नम्रपणे बायबलातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ उघडून द्या. सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरबुर झाली म्हणून सात जण निवडले, हात ठेवून प्रार्थना केली, त्यात फिलिप्प होता. त्याला नेमलं होतं पंगतीच्या कामावर, म्हणजे आपल्या भाषेत बोलायचं तर स्टाफवरच घेतला होता. आठव्या अध्यायात तो शोमरोनात आहे, मग गाझाच्या रस्त्यावर एका रथाबरोबर धावतोय. वाटपाचं काम टाकून गेला म्हणून त्याला कुणी बोल लावल्याचं कुठे लिहिलेलं नाही. आणि एकविसाव्या अध्यायात पौल कैसरियाला त्याच्या घरी उतरतो तेव्हा तिथे फिलिप्पाच्या चार मुली आहेत. मला तो उल्लेख फार आवडतो. इतकं फिरूनही त्याचं घर होतं, घरात मुली होत्या आणि पाहुण्याला उतरायला जागा होती.

आता मुख्य गाठ. तुम्हाला कदाचित अनेक जण सुचवतील, कदाचित पाळकसाहेबही प्रेमाने म्हणतील, की अरे नोकरी चालू ठेव आणि सुट्टीच्या दिवशी कोप्यांवर जात जा. ऐकायला बरं वाटतं. पण कॅलेंडर समोर ठेवा. दसऱ्याच्या सुमाराला कारखान्यांची बॉयलर अग्निप्रदीपनं होतात, दिवाळीच्या आगेमागे बीड, आष्टी, पाथर्डी भागातून कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघतात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत माणसं फडात असतात. तुमच्या चर्चमध्ये कापणीचा सण, अ‍ॅडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचे आठवडे, कॅरल, नाताळ, वॉचनाइट, वार्षिक सभा, लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, पवित्र आठवडा, ईस्टर. कुठल्या महिन्यात येतं हे सगळं? त्यांचा हंगाम आणि तुमचा हंगाम एकच आहे. तुम्ही त्या मुलीकडे गेला नाहीत यात तुमचा आळस नव्हता, नाताळच्या आठवड्यात परिश वर्करला संध्याकाळ मोकळी मिळतच नाही. मे महिन्यात तुम्ही मोकळे आणि कोप्या रिकाम्या. म्हणून दोन्ही एकत्र जमणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे, यातलं एक सोडावंच लागेल, आणि तुम्ही कुठलं सोडावं हे मला तुमच्या पत्रावरून दिसतंय. घरातून होकार आला की जा.

पैशाचं मात्र नीट मांडून घ्या. तुम्ही २२ आणि १८ लिहिलंय त्यामुळे फरक ४,०००चा वाटतो. तसा तो नाहीये. तुमच्या गावात दोन खोल्यांना ७,००० भाडं धरलं, लाईट-पाणी १,२०० धरलं, तर महिन्याला १२,२००चा खड्डा पडतो, म्हणजे वर्षाला १ लाख ४६ हजार, त्यात दोन्ही मुलांची फी माफी जाणार असेल तर ती वेगळी. डिपॉझिट वेगळं. हा आकडा बायकोसमोर कागदावर ठेवा, तोंडी नको. मग तिच्या पगारात काय बसतं, मंडळीत नाही तर नातेवाईकांत कुणाचं रिकामं घर आहे का, मुलगा सातवीतून लगेच हलवायचा का वर्ष संपू द्यायचं, हे सगळं बोलणं त्या कागदावर होईल.

पीएफ काढू नका, हे दहा वेळा सांगते. पेन्शनसाठी १० वर्षांची नोकरी धरतात आणि तुम्ही अगदी दारात उभे आहात. नवीन संस्था पीएफ कापते का ते आधी विचारा, कापत असेल तर तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, द्या आणि जुनं खातं ट्रान्सफर करा म्हणजे वर्षं जोडली जातात, आणि कापत नसेल तर राजीनाम्याची तारीख टाकण्याआधी पीएफ ऑफिसात जाऊन विचारून या. ग्रॅच्युइटीचंही लेखी विचारा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी सलग पाच वर्षं झाली की ती मिळते, हिशोब असा की शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तुमचा बेसिक १४,००० असेल तर ११ वर्षांचे ८८,८००च्या आसपास होतात. चर्चच्या ट्रस्टला ते लागू आहे का हे ट्रेझररना विचारायला लाजू नका. सेवेत पैशाचं काय विचारायचं असं म्हणून मी विचारलं नव्हतं, आणि घराचं डिपॉझिट भरायला मंगळसूत्राच्या वाट्या ठेवायला लागल्या.

पाळकसाहेबांना ऑफिसात सांगू नका, घरी जा, दोघं जा. त्यांनी तुमचं लग्न लावलंय, म्हणजे त्यांना हे बायकोसमोर कळायला हवं. आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायच्या आधी, एल्डरांना बोललात म्हणजे आता फार दिवस नाहीत तुमच्याकडे. ते दुखावतील. दुखावू दे. ज्याने पोराला हाताला धरून काम शिकवलं त्याला पोरगं निघालं की दुखणारच, लगेच समजावून सांगायच्या मागे लागू नका, बायबलातली वचनं तर अजिबात सांगू नका, त्यांना ती तुमच्यापेक्षा जास्त येतात. एवढंच म्हणा की तुम्ही मला आजाऱ्यांच्या भेटीला नेऊन शिकवलंत, तेच घेऊन जातोय, आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवा. मग कमिटीला लेखी, सेक्रेटरींच्या नावाने, नेमणुकीच्या पत्रात जितकी नोटीस असेल तितकी देऊन. आणि रविवारी ते वाचतील तेव्हा घरातले सगळे आधीच जाणून असू देत, मुलंसुद्धा, शाळेत त्यांना विचारणारे असतात.

ऑगस्ट संपायच्या आत सांगितलंत तर तुमच्या हातात दीड महिना राहतो. तो नाताळसाठी वापरा. नाताळाचं नाटक, कॅरलच्या घरांची यादी, कुठल्या आजीच्या घरी चहा घ्यावाच लागतो आणि कुठे कुत्रं मोकळं असतं, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे, ते वहीत उतरवा आणि तरुण संघातल्या दोन-तीन पोरांना बसवून द्या. नाताळ कोलमडला तर लोक ते तुमच्या जाण्यावर घालतील आणि नीट पार पडला तर पोरांचं नाव होईल. किल्ल्या, पेटी कॅश, पावतीपुस्तकं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद, बँकेत सही असेल तर ती, सगळं यादी करून द्या आणि ‘काही येणं नाही’ असं सहीशिक्क्याचं पत्र घ्या. तुम्ही अर्पण मोजत होतात, म्हणून हे पत्र जपून ठेवा.

आणि आता कोप्यांकडे येते, कारण मला खरं तर याच्याबद्दलच जास्त लिहायचं होतं. मी हॉस्टेलला असताना आमच्याकडे ऊसतोडीच्या घरातली मुलं यायची, त्यांच्या आयांशी बसून जे कळलं ते सांगते. पहाटे तीन-चारला आई-बाप फडात जातात, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे आगाऊ रक्कम दोघांच्या नावावर घेतलेली असते, त्यामुळे बाईला घरी थांबता येत नाही. मागे तान्हं कोण बघणार? तीच नऊ वर्षांची. म्हणजे तुमच्या त्या मुलीच्या शिक्षणातली पहिली अडचण तिच्या कडेवर आहे. तुम्ही फळा घेऊन गेलात आणि म्हणालात या शिकायला, तर मोकळ्या हाताचे पोरगे येतील आणि ती लांबून बघत राहील. म्हणून आधी झोळी बांधा. एक बाई शोधा, म्हातारी चालेल, जी टोळीबरोबर आलीये पण आता ऊस तुटत नाही तिच्याने, तिला थोडे पैसे द्या, पाच-सहा तान्ही तिच्यापाशी, आणि मग फळा उलगडा. दूध-बिस्किटाचं बघा. हे केल्याशिवाय मोठ्या मुली बसणार नाहीत, मी हमखास सांगते.

दुसरं, पहिल्या दिवशी स्वतःची शाळा काढायला जाऊ नका. जवळच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींना भेटा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४च्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं आणि दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही, हंगाम मध्यावर असला तरी. गावाकडच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड आणलंय का ते विचारा. काही मुलांसाठी मूळ गावातच हंगामी वसतिगृह असतं, आजीजवळ राहून शिकता येतं, आई-बापाला ते माहीत नसतं किंवा मुलगी एकटी ठेवायची भीती असते. यातलं निम्मं काम चालण्याचं आणि बोलण्याचं आहे, आणि ११ वर्षं आजाऱ्यांच्या दारात चपला काढून बसलेल्या माणसाला ते येतं.

मुकादमाला, म्हणजे टोळी आणणाऱ्याला, पहिल्याच आठवड्यात भेटा, त्याला वगळून कोप्यांवर काही होत नाही. आणि तुम्ही कोण आहात ते सरळ सांगा, मी ख्रिस्ती आहे, आधी चर्चमध्ये होतो, आता या संस्थेत शिकवतो. लपवू नका. पण हातात पत्रिका नको, वाटपाची पिशवी नको, मुलांकडून प्रार्थना म्हणवून घेणं तर नकोच. गरजू माणसाला आपल्याकडून काही घेताना मनात शंका राहता कामा नये की याच्या बदल्यात काय द्यावं लागेल. टिळकांच्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती, त्यावरून त्या काळी किती बोलणी खाल्ली असतील त्यांनी. तुमचा देव तुमच्याबरोबर कोपीवर येणारच आहे, त्याला बोर्ड लावायची गरज नाही.

सेवा सोडली म्हणणारे म्हणतील. त्याला मी काही औषध देऊ शकत नाही, माझ्या वेळी एक बाई वर्षभर सलामसुद्धा घेत नव्हत्या. पुढे त्यांच्या नातीला ऐकू येत नाही असं निघालं तेव्हा त्या माझ्याकडे आल्या, आणि आम्ही दोघी त्या दिवशी बराच वेळ काही न बोलता बसलो होतो.

ती मुलगी तुम्हाला परत भेटेल की नाही माहीत नाही. टोळ्या दर वर्षी त्याच कारखान्यावर येतातच असं नाही. पण मुकादमाचं नाव कुणाकडे तरी असेल, ब्लँकेटं वाटताना यादी केली असेल ना, ती यादी ऑफिसच्या कपाटातच असणार, किल्ल्या द्यायच्या आधी शोधा. आणि दिवाळीनंतर काय झालं ते मला कळवा, वहिनींनी लिहिलं तरी चालेल.

प्रश्न : मी आठ महिन्यांपूर्वी चर्च ऑफिसची नोकरी सोडून शिवणकामाचा क्लास काढला, तिथे विधवा आणि टाकलेल्या बायका शिकतात, माझं मन तिथे रमलंय. पण रविवारी त्याच चर्चला जाते आणि उपासना संपली की लोक मलाच गाठतात, सर्टिफिकेट कधी मिळेल, बँडवाल्याचा नंबर द्या. नवीन मुलगी बाजूला उभी असते, तिचं तोंड पडतं. मला चर्च बदलायचं नाही. काय करू?

उत्तर : बदलू नका, पण दोन-तीन महिने दुसरीकडे जा, बहिणीच्या चर्चला म्हणा, मावशीच्या म्हणा, पाळकांना सांगून जा म्हणजे अफवा उठणार नाही. तेवढ्यात लोकांचे पाय आपोआप त्या मुलीच्या टेबलाकडे वळतात. परत आलात की दाराजवळ बसू नका, मधल्या बाकावर बसा, आणि कुणी विचारलं तर नंबर न देता हात धरून तिच्यापर्यंत न्या आणि तिच्यासमोर म्हणा, हिला विचारा, हिला माहितीये. तिला माहीत नसलं तरी तसंच म्हणा, मग सोमवारी फोनवर शांतपणे सांगा.

मी सोडल्यावर पहिल्यांदा प्रभूभोजनाला सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहिले, १४ वर्षं मी त्या वेळी आत कपड्यांच्या घड्या आणि पेल्यांची मोजदाद करत असायचे. रांगेत पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या मुलाचं नाव दफनाच्या रजिस्टरात मीच लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात, तारखेसकट, आणि मी त्यांना कधी एक शब्द विचारला नव्हता. त्या दिवशी विचारला. त्यांच्याकडे अजून जाते.

आणि कपाटाची एखादी जादा किल्ली अजून तुमच्या पर्समध्ये असेल तर या रविवारी त्या मुलीला देऊन टाका.